नाताळ संकलन २०२५, बेळगाव: साठीपुढच्या स्वयंसेवकांच्या कामाच्या नोंदी

बेळगाव कॅम्प भागातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) नाताळाचं मदत-संकलन यंदा पूर्णपणे साठीपुढच्या सभासदांकडे होतं. तरुण संघाकडून फक्त गाड्या आणि वजन उचलणारे हात घेतले. उद्दिष्ट ८० कुटुंबांना किराणा आणि ४० चादरी. दुसऱ्या मंडळीत किंवा पॅरिशमध्ये (कॅथलिक चर्चच्या विभागात) कोणी हेच काम हाती घेणार असेल तर त्यांच्या उपयोगासाठी या नोंदी ठेवल्या आहेत. हिशेब शेवटी आहे.

१२ ऑक्टोबर, रविवार

उपासनेनंतर नावं घेतली. काम वाटण्याआधी प्रत्येकाला चार प्रश्न: किती वजन उचलता येतं, सलग किती वेळ उभं राहता येतं, सातनंतर रस्त्यावर नीट दिसतं का, आणि सकाळी पाण्याची गोळी चालू आहे का.

चौथा प्रश्न विचारायला लाजू नये. बीपीसाठी पाण्याची गोळी घेणाऱ्याला पुढचे काही तास सारखं लघवीला जावं लागतं. त्याला सकाळच्या गल्लीफेरीवर धाडलं तर चार घरं करून तो माघारी येतो, आणि संकोचाने कारणही सांगत नाही. अशांना सकाळी चर्चच्या टेबलाचं काम द्यायचं, फेरी दुपारी चारनंतर. गोळीची वेळ बदला असं आपण सांगायचं नाही, ते डॉक्टरांनी ठरवायचं.

वजनाची मर्यादा: एका हातात अडीच किलो, दोन्ही मिळून पाच. पोत्याला कोणीही हात लावायचा नाही, 'मला सवय आहे' म्हणणाऱ्याने तर मुळीच नाही. पाळी दोन तासांची. दमलात किंवा नाही, दोन तासांनी उठायचं. मधुमेहवाल्यांसाठी पैशांची मोजणी सव्वाबाराला थांबेल, उरलेली पेटी सीलबंद ठेवून जेवणानंतर उघडायची.

पैशाच्या कामाला नवरा-बायकोची जोडी ठेवलेली नाही. एकाच घरच्या दोन सह्या असल्या की पुढे कोणीतरी बोलतंच.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळी झाल्यावर कागदपत्रं घेतली. नाताळ मदत मंडळीच्या खात्यातच जमा होईल, पण पावतीपुस्तक वेगळं आणि रोजकीर्दीत रकाना वेगळा. पावती कन्नड आणि मराठी दोन्हीत छापायला टाकली. टिळकवाडी, शहापूर, अनगोळ इथे मराठी पावती चालते. पण व्यापारी, बँक आणि ऑडिटर यांच्यापुढे कन्नड ओळ असली की प्रश्न कमी येतात. पावतीवर 'वस्तुरूप देणगी' अशी वेगळी चौकट हवीच, नाहीतर 'तूरडाळ ५ किलो' असं रकमेच्या जागी लिहिलं जातं आणि बेरीज जमत नाही.

क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचाच. कोणाच्याही खासगी नंबरवर पैसे घ्यायचे नाहीत, 'नंतर ट्रान्सफर करतो' म्हटलं तरी. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट पुरावा धरायचा नाही, तो बनवता येतो. देणाऱ्याच्या फोनवरचा बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक पावतीवर लिहायचा, संध्याकाळी खजिनदार बँकेच्या नोंदीशी ताडून पाहणार.

परदेशातल्या नातेवाईकांचा पैसा हा आमच्याकडे दरवर्षीचा घोळ. नियम असा: आखातात किंवा कुठेही असलेला माणूस भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या कमाईतून देत असेल, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण पोर्तुगीज किंवा ब्रिटिश पासपोर्ट घेतला असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असलं तरी, तो कायद्याने परदेशी स्रोत. एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खाली नोंदणी नसलेल्या संस्थेने त्याचा रुपयाही घ्यायचा नाही. गोव्याशी सोयरीक असलेल्या घरांत पोर्तुगीज पासपोर्ट भरपूर आहेत. मुलगा लंडनहून पाठवतो म्हटलं की पहिला प्रश्न पासपोर्टचा. आई-वडिलांनी आपल्या पेन्शनीतून द्यावं, हे सगळ्यांत सोपं.

देणगीवरची ८०जी आयकर सवलत मंडळीच्या खात्याला नसेल तर पावतीवर तसं छापा. असली तरी दोन हजारांवरच्या रोख देणगीला आणि वस्तूंना ती मिळत नाही. डिसेंबरात हे समजावत बसण्यापेक्षा छापील ओळ बरी.

८ नोव्हेंबर, शनिवार

मागच्या शनिवारी, १ तारखेला, काहीच ठेवलं नव्हतं. कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक एकीकडे, सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिन दुसरीकडे. त्या दिवशी वयस्क माणसाला बाजारात पाठवू नये.

आज किटमध्ये काय घालायचं ते ठरवलं. जुन्या यादीत पाच किलो तांदूळ पहिला होता, तो काढला. राज्याच्या अन्नभाग्य योजनेचा तांदूळ रेशनकार्डावर घरात येतोच, आणि मागे दिलेला आमचा तांदूळ काही घरांतून दुकानात विकला गेला होता. घरात कमी पडतं ते डाळ, तेल, चहा आणि साबण. मीठही काढलं: स्वस्त, प्रत्येक घरात असतं, आणि पिशवीचं वजन फुकट एक किलोने वाढवतं.

ठरलेलं किट: तूरडाळ १ किलो, साखर १ किलो, रवा १ किलो, तेलाचा एक पाउच, गूळ अर्धा किलो, चहापूड २५० ग्रॅम, तिखट २०० ग्रॅम. हे मोठ्या पिशवीत. अंगाचा साबण २ आणि कपड्याचा साबण २ वेगळ्या छोट्या पुडक्यात. साबण आणि चहा एका पिशवीत दोन दिवस राहिले की चहाला साबणाचा वास लागतो, रव्यालाही. वास लागलेला रवा भाजला तरी जात नाही. अगरबत्ती आणि फिनेल यांचंही तेच, म्हणून देणगीत आलं तर पहिल्या दिवसापासून दुसऱ्या खोलीत.

मोठी पिशवी पाच किलोच्या आत बसते. बाकी सगळं या मर्यादेभोवती ठरवलंय.

तेलाच्या पाउचवरचं निव्वळ वजन वाचून घ्या. एक लिटर म्हणजे ९१० ग्रॅम. हल्ली त्याच आकाराच्या पाउचमध्ये ८५० ग्रॅम, ८०० ग्रॅमसुद्धा असतं आणि भाव सांगताना दुकानदार 'एक पाकीट' एवढंच म्हणतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

कुटुंबांच्या यादीचं काम. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला.

इथली रेशनकार्डं कन्नडमध्ये. यादी लिहिणारे सगळे मराठी शाळेत शिकलेले. बोलतात कन्नड, पण वाचता येत नाही किंवा अडखळत येतं. मग नाव कार्डधारकाला विचारून लिहिलं जातं. चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याचं नाव, कार्डावर दुसरंच, आडनावाच्या जागी कुठे गावाचं नाव तर कुठे वडिलांचं. परिणाम असा की एकच घर यादीत दोन वेगळ्या नावांनी आलं, आणि दोन वेगळ्या शांताबाई एकच समजून एक खोडली गेली.

उपाय केला तो असा. नावाऐवजी कार्डाच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे यादीची किल्ली धरले. नाव त्यापुढे, मिळेल तसं. कार्ड वाचायला दहावी-बारावीतली नातवंडं बसवली. ती कन्नड वाचतात, आजी-आजोबा देवनागरीत लिहितात. सगळ्या याद्या एका टेबलावर चार आकड्यांच्या क्रमाने लावल्या की दुबार नावं आपोआप शेजारी येतात. पूर्ण क्रमांक किंवा आधार उतरवून घ्यायचा नाही, कार्डाचा फोटो काढायचा नाही. यादीची एकच प्रत, खजिनदाराच्या कपाटात.

शेजारच्या कॅथलिक पॅरिशमध्ये व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे लोक वर्षभर घरभेटी करतात. त्यांच्याबरोबर बसून फक्त चार आकडे वाचून दाखवले, नावं नाहीत. सामाईक घरं निघाली ती वाटून घेतली: त्यांनी औषधाचा खर्च, आम्ही किराणा. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि दरवर्षी राहून जातं.

यादीत ख्रिस्ती नसलेली घरंही आहेत: शेजारच्या विधवा, एकट्या राहणाऱ्या आजी. किटमध्ये बायबलच्या वचनाचं कार्ड, पत्रिका, कॅलेंडर काहीही घालायचं नाही, हे सगळ्यांना बजावलं. कर्नाटकाच्या २०२२ च्या धर्मांतरविरोधी कायद्यात 'आमिष' या शब्दात भेटवस्तूही येते. पिशवीवर चर्चचं नावसुद्धा छापलं नाही. काही सभासदांना हे रुचलं नाही. पण रस्त्यावर कोणी पिशवी उघडून प्रश्न विचारायला लागला तर उत्तर द्यायला उभी राहणार ती सत्तरीतली बाई, हे लक्षात घ्या.

२२ नोव्हेंबर, शनिवार

पिशव्या. प्लास्टिक पिशवीवर राज्यात २०१६ पासून बंदी आहे. बाजारातली नॉनवोव्हन पिशवी स्वस्त पडते, पण तिचे बंद गरम करून चिकटवलेले असतात. नमुन्याच्या पिशवीत पाच किलो भरून ती खुंटीला टांगून ठेवली. तासाभरात एक बंद सुटला. त्यामुळे मांजरपाटाच्या शिवून घेतल्या, महिला संघातल्याच शिवणवाल्यांकडून, २२ रुपये नग. पहिल्या खेपेत बंदाला एकच आडवी टीप होती, तीही उसवली. बंदाचं टोक पिशवीवर दोन इंच खाली घेऊन त्यावर चौकट आणि चौकटीत फुली मारली की सुटत नाही. बंद रुंद, दीड इंची. अरुंद बंद म्हाताऱ्या बोटांना काचतो.

पैशाची पेटी: पत्र्याची, दोन कुलपांची, किल्ल्या दोन घरांत. फट नोट दुमडून जाईल एवढीच. कुलपांवर कागदी पट्टी चिकटवून तिच्यावर दोघांच्या सह्या आणि तारीख. पेटी कमरेच्या उंचीवर, दाराजवळ पण पायरीपासून दूर ठेवा. पायरीशी ठेवली की लोक पाकीट काढत तिथेच थांबतात, मागून येणाऱ्या म्हाताऱ्यांचा तोल जातो.

३० नोव्हेंबर, आगमनकाळाचा पहिला रविवार

नाताळच्या झाडावर चिठ्ठ्या लावल्या. एका चिठ्ठीवर एक वस्तू: 'तूरडाळ १ किलो', 'चहापूड २५० ग्रॅम' वगैरे. न्यायची, वस्तू किंवा तिची किंमत तीन रविवारांत आणून द्यायची.

उपासना सुटताच साबणाच्या आणि गुळाच्या चिठ्ठ्या उडाल्या. तेल, डाळ आणि चहा झाडावरच. लोक कंजूष नाहीत. झाडाजवळ गर्दी झाली की हाताला येईल ती घेतात, आणि किंमत मनात मोजली जातेच. दुसरी अडचण: चिठ्ठी कोणी नेली याची नोंद नाही.

३ डिसेंबर, बुधवार

चिठ्ठ्या पुन्हा छापल्या. आता दोन भागांची चिठ्ठी, मधे टोचण्या, अर्धा भाग टेबलावरच्या वहीत राहतो. आणि वस्तू एकेकट्या नाहीत: 'तेल अधिक कपड्याचा साबण', 'डाळ अधिक गूळ', 'चहा अधिक तिखट'. झाडावर एका वेळी दहाच, संपल्या की पुढच्या दहा. झाडाशेजारी खुर्ची टाकून वहीवाली बसवली. ऐकायला कमी येणाऱ्याला या टेबलावर बसवू नका, चर्चबाहेर त्या वेळी फार गोंगाट असतो.

७ डिसेंबर, रविवार

पहिली मोजणी. टेबलावर तिघं, तिन्ही वेगळ्या घरांतली. एक नोटा सरळ करतो, दुसरा मोजतो, तिसरा लिहितो. मग मोजणारा आणि सरळ करणारा जागा बदलतात आणि पुन्हा मोजतात. दोन्ही आकडे जुळल्याशिवाय गड्डीला कागदी पट्टी लागत नाही. नोटांना टाचणी किंवा स्टेपल मारायचं नाही. थुंकी लावून मोजायची सवय जुन्या बँकवाल्यांची; ओला स्पंज ठेवला तरी पहिली दहा मिनिटं बोट जिभेकडेच जातं. दिवा टेबलाच्या बरोबर वर नको, डाव्या बाजूने हवा. वरून आलेला प्रकाश नव्या नोटेवर चमकतो आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना त्रास होतो.

नाणी. वजनावरून मोजायचा प्रयत्न फसला. दोन रुपयांत आणि पाच रुपयांत वेगवेगळ्या काळातली नाणी मिसळलेली. जुनं जाड पाचाचं नाणं ९ ग्रॅम, नंतरचं ६ ग्रॅम. हातानेच दहा-दहाच्या चवडी लावल्या, शंभर नाण्यांचं एक पाकीट. बँकेने नाणी घ्यायलाच हवीत असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे आणि शंभर-शंभरची पाकिटं कॅशियरला सोयीची पडतात. तरी रांगेत तास जातो, आणि ही पाकिटं उचलणं हे वजनाचंच काम. त्यापेक्षा रविवार पेठेतल्या किराणा व्यापाऱ्याला सुट्टे हवेच असतात; त्याला फोन करून विचारलं, त्याचा पोरगा येऊन मोजून घेऊन गेला, बदल्यात नोटा. दहाचं नाणं मात्र तोही नाखुशीनेच घेतो.

पेटीत दोन हजाराची एक नोट निघाली. ती अजून कायदेशीर चलन आहे, पण बँकेत बदलून मिळत नाही. रिझर्व्ह बँकेच्या इश्यू ऑफिसकडे टपालाने पाठवून खात्यात जमा करून घेता येते. रोजकीर्दीत 'येणे' म्हणून लिहिली.

पाकिटांची पद्धत यंदाही ठेवली: घरटी एक, फक्त क्रमांक, नाव नाही. नाव छापलं की कमी देणारे देतच नाहीत, आणि जास्त देणाऱ्यांची चर्चा होते.

१० डिसेंबर, बुधवार

गल्लीफेरी. विधिमंडळाच्या अधिवेशनाचे दिवस आहेत. सुवर्ण विधानसौध महामार्गाला लागून, त्यामुळे मंत्री-आमदारांच्या गाड्या, बंदोबस्त, वळवलेले रस्ते. रिक्षा वेळेवर मिळत नाहीत. डिसेंबरातल्या पहिल्या पंधरवड्याची फेरी पायी होईल एवढ्याच अंतरात आखा: प्रत्येक जोडीने आपल्या राहत्या गल्लीच्या आसपासच. कॅम्पातल्या बंगल्यांच्या रस्त्यांवर झाडांखाली संध्याकाळी अंधार आणि कुत्री, म्हणून तिथली फेरी सहाच्या आत संपवायची. सकाळीही आठच्या आधी नको, गारठा असतो. दम्याची माणसं आठवडाभर खोकत बसतात.

जोडीतल्या एकाकडे पावतीपुस्तक, दुसऱ्याकडे पिशवी. पैसे पिशवीवाल्याकडे, पावती पुस्तकवाल्याने फाडायची. वस्तू मिळाली तर ती घेऊन फिरायचं नाही, चिठ्ठीवर पत्ता लिहून तिथेच ठेवायची. संध्याकाळी तरुण स्कूटरवरून गोळा करतात. पहिल्या दिवशी हे पाळलं गेलं नाही आणि एका काकूंचा खांदा धरला.

खेड्यावरून येणाऱ्या बायकांना राज्याच्या शक्ती योजनेमुळे साध्या सरकारी बसचं तिकीट लागत नाही, ओळखपत्रावर कर्नाटकाचा पत्ता पाहिजे. चंदगडकडच्या, महाराष्ट्राच्या पत्त्याच्या बायकांना ते मिळत नाही. त्यांना भाडं द्यावं लागतं.

नाताळगीतांच्या फेरीत वयस्कांनी चालत जायचं नाही. गट जिथे शेवटी पोचतो त्या घरी पावतीपुस्तक घेऊन बसायचं. स्पीकर असेल तर रात्री दहाला बंद.

१३ डिसेंबर, शनिवार

जुने कपडे. पत्रकात 'फक्त धुतलेले स्वेटर, शाली, चादरी' असं स्पष्ट लिहिलं होतं. आलं काय: साड्या, नवऱ्याच्या पँटी, शाळेचे गणवेश, एक लग्नातला कोट. दुपार निवडण्यात गेली. निवडताना वाकून बसावं लागतं, धूळ उडते, आणि शेवटी उपयोगाला पडतं ते थोडंच. पुढच्या वर्षी कपडे घेऊच नयेत अशी शिफारस मंडळीच्या पंचांकडे लिहून दिली आहे. उरलेलं बोहारणीला दिलं, तिने स्टीलचं एक पातेलं आणि दोन डबे दिले. पातेलं चर्चच्या स्वयंपाकघरात.

१४ डिसेंबर, रविवार

खानापूर भागातल्या सभासदांकडून सुगीचा वाटा आला: नवा तांदूळ, थोडा वाटाणा, कुळीथ. नवा तांदूळ शिजवला की गिचका होतो आणि ओल असल्याने पोत्यात कोंदट वास धरतो. किटमध्ये तांदूळ नाहीच, म्हणून तो २५ डिसेंबरच्या प्रीतिभोजनाला वळवला. ताडपत्रीवर दोन उन्हं दिली. पसरणं आणि गोळा करणं, दोन्ही तरुणांनी.

१७ डिसेंबर, बुधवार

खरेदी. चिठ्ठ्यांतून ज्या वस्तू आल्या त्यांचा माल सारखा नाही: अर्ध्या किलोची पाकिटं, पॉलिश केलेली आणि साधी डाळ, चहाचे पाच ब्रँड. एका घराला भारी चहा आणि शेजारच्याला हलका गेला की तक्रार येते, आणि ती योग्यच असते. पुढच्या वर्षी चिठ्ठीवर वस्तू राहील, पण घ्यायचे ते पैसेच.

रविवार पेठेत सकाळी साडेदहाच्या आत जा. नंतर मालाच्या गाड्या लागतात आणि चालायला जागा उरत नाही. पंचवीस किलोपर्यंतच्या छापील पॅकबंद डाळ-रव्यावर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावरच्या पोत्यावर नाही. म्हणूनच बाजारात तांदळाची २६ किलोची पिशवी दिसते. डाळीचं एक ५० किलोचं आणि एक ३० किलोचं पोतं घेतलं. अंगाच्या साबणावरचा जीएसटी सप्टेंबरात १८ वरून ५ वर आला. जुनी किंमत छापलेला माल अजून दुकानांत आहे, त्यामुळे भाव विचारून घ्या. पक्कं बिल मंडळीच्या नावावर घ्या. हमाली वेगळी. माल छोट्या हत्तीतून (लहान टेंपोतून) थेट चर्चच्या हॉलपर्यंत, आणि हॉलमध्येही हमालाकडूनच टेबलाशेजारी लावून घ्या. दारात उतरवून तो गेला की पोती तिथेच राहतात.

१९ डिसेंबर, शुक्रवार

भरणी. हॉलची टेबलं बुटकी; उभं राहून काम करणाऱ्याची कंबर अर्ध्या तासात जाते. पायांखाली दोन-दोन विटा देऊन ती कमरेच्या उंचीला आणली. बसून काम करणाऱ्यांसाठी वेगळं टेबल, हाताच्या खुर्च्या.

पोत्यातून किलोची पाकिटं करताना ५० किलोचे ५० पॅक कधीच निघत नाहीत. थोडं सांडतं, थोडं काट्यावर जास्त जातं. डाळीला दीड किलो कमी पडली, ती मागून सुटी आणली. काटा लाल आकड्यांचा घ्या, राखाडी आकडे म्हाताऱ्या डोळ्यांना दिसत नाहीत. पाकीट ठेवण्याआधी काटा शून्यावर आहे का ते दर वेळी मोठ्याने म्हणायचं.

तेलाचे पाउच आदल्या रात्री वर्तमानपत्रावर आडवे मांडून ठेवले. सकाळी कागदावर डाग दिसेल तो पाउच बाजूला. तीन निघाले, दुकानदाराने बदलून दिले.

पिशवी बादलीत उभी ठेवायची आणि तोंड बादलीच्या काठावर दुमडायचं, म्हणजे दुसऱ्याने धरायला नको. क्रम: तळाला साखर, डाळ, रवा, त्यावर गूळ, बाजूला चहा आणि तिखट, तेल सर्वांत वर, उभं. तिखट दुहेरी पिशवीत.

शेवटची तपासणी वजनाने. भरलेली पिशवी ४ किलो ९०० ते ५ किलोच्या दरम्यान यायला हवी. त्याच्या खाली आली की चहा किंवा तिखट राहिलंय. सगळी पिशवी उपसण्याआधी ते दोनच बघायचे. दुपारनंतरच्या पिशव्यांत तिखट वारंवार राहिलं. मोजणारे दमले होते, आणि तिखटाची पाटी टेबलाच्या कोपऱ्यात होती. पाटी मधे आणल्यावर थांबलं.

रात्री पिशव्या जमिनीवर ठेवल्या नाहीत, बाकांवर. गुळाला मुंग्या आणि रव्याला उंदीर एका रात्रीत येतात.

२१ ते २३ डिसेंबर

वाटप रविवारी साडेदहा ते साडेबारा. प्रत्येक घराला आधी कूपन, त्यावर चार आकडे आणि वेळ. वेळा वीस-वीस घरांच्या ठेवल्या, तरी पहिल्याच वेळेला निम्मे लोक हजर, कारण कूपनवर वेळ देवनागरी आकड्यांत होती आणि कन्नड वाचणाऱ्यांना कळली नाही. पुढच्या वेळी कूपनवर 10.30 या पद्धतीचे आकडे किंवा घड्याळाचं चित्र. रांगेऐवजी खुर्च्या मांडल्या; घेणारेही बहुतेक वयस्कच.

पिशवी आणि साबणाचं पुडकं दोन टेबलांवर वेगवेगळं ठेवलं होतं, त्यामुळे काहीजण साबण न घेताच गेले. दोन्ही एकाच टेबलावर, देणारे दोन, असं बदललं. फोटो काढले नाहीत. पंचांना अहवालासाठी हवे होते, त्यांना भरलेल्या पिशव्यांचा दिला.

अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी सोमवारी. एक वयस्क ओळखीचा आणि एक तरुण गाडीवाला, अशी जोडी लागते. नुसता तरुण पाठवला तर घरचे दार उघडायला कचरतात, आणि म्हातारा आत बसला तर पाऊण तास उठत नाही. एका घरात वीस मिनिटं, हे आधी सांगून ठेवा.

चादरी ऊसतोड टोळ्यांच्या पालांवर. सकाळी अकराला गेल्यास तिथे फक्त पोरं आणि एखादी म्हातारी असते. माणसं पहाटेच फडात गेलेली. मुकादमाशी बोलून संध्याकाळी सहानंतर तरुणांना पाठवलं. पाल मोजून चादरी नेल्या होत्या, पण एका पालात दोन जोडपी राहतात, त्यामुळे कमी पडल्या. मोजायच्या त्या कोयत्यांच्या जोड्या (ऊस तोडणारी जोडपी). लहान मुलांसाठी निवडलेले स्वेटर इथे दिले. अंधारात, बांधावरून चालायचं म्हणून इथे साठीच्या वरचं कोणी नेलं नाही. वयस्कांनी फोनवर मुकादम सांभाळला.

२५ डिसेंबर, गुरुवार

अर्पणाच्या थैलीतली रक्कम वेगळी, नाताळ मदतीची पेटी वेगळी. दोन्ही एकाच कपाटात ठेवल्याने त्यांच्यावरच्या नावाच्या चिठ्ठ्या बदलल्या होत्या, संध्याकाळी जुळवलं. दोन रंगांच्या पिशव्या करा.

३ जानेवारी २०२६, शनिवार

हिशेब. चिठ्ठ्यांतून आलेल्या वस्तू बाजारभावाने धरून, ८० किटचा:

तूरडाळ ८० किलो ११८ रुपयांनी ९,४४०, साखर ८० किलो ४४ ने ३,५२०, रवा ८० किलो ४२ ने ३,३६०, तेल ८० पाउच १४८ ने ११,८४०, गूळ ४० किलो ५२ ने २,०८०, चहा २० किलो ३८० ने ७,६००, तिखट १६ किलो २८० ने ४,४८०, अंगाचा साबण १६० नग २८ ने ४,४८०, कपड्याचा साबण १६० नग १० ने १,६००, पिशव्या १,७६०. एकूण ५०,१६०, म्हणजे किटमागे ६२७ रुपये.

इतर: चादरी ४० नग ३१० ने १२,४००, छोटा हत्ती १,८००, हमाली ६००, पावतीपुस्तक, चिठ्ठ्या, पाकिटं, कूपन छपाई २,१५०. सगळं मिळून ६७,११०. चिठ्ठ्या दोनदा छापल्याचा खर्च छपाईत आहे. चहा-बिस्किटांचा खर्च स्वयंसेवकांनी आपसांत केला, तरी पुढच्या वर्षी तो अंदाजपत्रकात धरावा. पेन्शनीवरच्या माणसाला रोजचे वीस रुपये जाणवतात.

मोकळी पाकिटं, उरलेली दोन पावतीपुस्तकं (न फाडलेल्या पावत्यांचे क्रमांक लिहून) आणि यादी खजिनदाराकडे. क्यूआरचा फलक दारावरून काढला, नाहीतर वर्षभर लोक त्यावर पैसे टाकत राहतात आणि ते कोणत्या खात्याचे हे कळत नाही. मांजरपाट सप्टेंबरात घ्यायचा आहे, दिवाळीत शिवणवाल्यांना वेळ नसतो. दोन हजाराची नोट टपालाने गेली, जमा व्हायची आहे.